मदत हवी आहे: पोस्टिंगला आलेल्या रेडिओग्राफीच्या मुलांना मार्क द्यायचे कशावर?

मंडळी,

मी एका सरकारी रुग्णालयात एक्सरे टेक्निशियन आहे. नोकरीला २२ वर्षे झाली, पण मास्तरकीचा अनुभव शून्य. गेल्या वर्षापासून एका कॉलेजची बीपीएमटी (पॅरामेडिकल पदवी) रेडिओग्राफीची, म्हणजे एक्सरे काढायला शिकणारी मुले आमच्याकडे पोस्टिंगला येतात. त्यांच्या लॉगबुकवर सह्या करायच्या आणि शेवटी २० पैकी मार्क द्यायचे, हे काम माझ्या गळ्यात पडले आहे. कॉलेजच्या तक्त्यात चार रकाने आहेत: हजेरी, वागणूक, ज्ञान, कौशल्य. यातले कौशल्य म्हणजे नेमके काय, ते कुठेच लिहिलेले नाही. मागच्या बॅचला मी सरसकट १६ ते १८ दिले, देवळात प्रसाद वाटावा तसे.

या वेळी मात्र दोघांपाशी अडलोय.

एक मुलगा आहे, त्याला 'अ' म्हणू. तोंडाने पक्का. केव्हीपी (ट्यूबचा व्होल्टेज) वाढवला की कॉन्ट्रास्टचे काय होते, अंतर दुप्पट केले की किरणांचा मारा एक चतुर्थांश का होतो, धडाधड सांगतो. परवा सत्तरीच्या एका आजींचा छातीचा एक्सरे त्याला काढायला दिला. ट्यूब १८० सेंमीवर, स्टँडची उंची बरोबर. "आजी, मोठा श्वास घ्या, रोखून धरा" म्हणाला आणि म्हणता म्हणताच बटण दाबले. आजी तेव्हा "काय म्हन्लास लेकरा?" म्हणत मागे वळत होत्या. फिल्मवर मागच्या बरगड्या जेमतेम सात, म्हणजे श्वास पुरता घेतलेलाच नाही, कॉलरबोन वाकडेतिकडे, स्कॅप्युला (खांद्याची पाती) फुप्फुसांवर. पठ्ठ्याने कडा छान क्रॉप केल्या, डावी-उजवी बाजू सांगणारा मार्कर कॉम्प्युटरवरून डकवला आणि "झाला सर" म्हणून मोकळा. मी पुन्हा काढायला लावला. लॉगबुकात नोंद मात्र एकच: चेस्ट पीए (पाठीकडून काढलेला छातीचा एक्सरे), १.

दुसरी 'ब'. तिला काही विचारले की घाम फुटतो. पण मागच्या आठवड्यात हात मोडलेला चार वर्षांचा मुलगा आला, रडून लाल झालेला. तिने त्याचा मोडका हात वळवलाच नाही. आईला ॲप्रन घालून शेजारी बसवले, एपी (समोरून) झाल्यावर कॅसेट उभी केली आणि ट्यूब आडवी करून लॅटरल (बाजूने) काढला. कोपर आणि मनगट दोन्ही फिल्ममध्ये. तक्त्याप्रमाणे मार्क दिले तर ज्ञानात ही मागे पडते आणि 'अ' पुढे जातो!

तिसरी गोष्ट जास्त काळजीची. ट्रॉलीवर खुब्याच्या फ्रॅक्चरचा संशय असलेले बाबा होते. एका मुलाने लॅटरलसाठी त्यांचा पाय बाहेर वळवायला हात घातला. मी वेळेवर धरला म्हणून बरे. त्याची बाकी सगळी कामे चांगली आहेत. आता त्याचे दोन मार्क कापायचे की त्याला नापासच धरायचे? वर कॉलेजमधून फोन येतातच, "सांभाळून घ्या".

सोमवारी ओपीडीत सव्वाशेच्या वर एक्सरे होतात, त्यामुळे प्रत्येकाच्या मागे उभे राहणे जमत नाही. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

डार्करूमचा_जुना_गडी
क्रॉप केलेली इमेज बघून मार्क देऊच नका. आमच्या काळी फिल्म धुऊन बाहेर आली की कॉलिमेशनची (किरणांचा झोत आवळल्याची) कड, शिशाचा मार्कर, सगळे पोरगे किती पाण्यात आहे ते सांगायचे. आता कन्सोलवर लपवता येते. क्रॉपच्या आधीची इमेज उघडा, एक्सपोजर इंडेक्स (किरण किती पडले त्याचा आकडा) बघा आणि रिजेक्टचा, म्हणजे बाद इमेजचा, फोल्डर दर शुक्रवारी पोरांसोबत चाळा. कडक वाटेल, पण इमेज डिलीट करायची मुभा विद्यार्थ्यांना देऊ नका.

टेम्स_काठची_सीटीवाली
मी इंग्लंडमध्ये रेडिओग्राफर आहे, विद्यार्थी आमच्याकडेही असतात. २० पैकी मार्कांच्या भानगडीत सुरुवातीला पडूच नका. प्रत्येक पाहिलेल्या केसला एवढेच लिहा: मला हात घालावा लागला / तोंडी सांगावे लागले / मी नुसती उभी होते. शेवटी हेच मोजून मार्क निघतात. डॉक्टरकीच्या शिक्षणातला मिलरचा पिरॅमिड (१९९०) शिकवताना सांगतात, त्यात 'माहीत आहे' सगळ्यात खाली आणि 'प्रत्यक्ष करतो' सगळ्यात वर. तुमचा 'अ' तळाशी भक्कम आहे, एवढेच.

सगळ्या केस बघायची गरज नाही. प्रत्येकाच्या आठवड्याला तीन बघा, पण पेशंट आत येण्यापासून बाहेर जाईपर्यंत पूर्ण बघा. निम्मे कौशल्य बटणाच्या आधीच संपलेले असते.

आणि काही चुकांना मार्क नसतातच. चुकीचा पेशंट, चुकीची बाजू, बाईला पाळीबद्दल न विचारता पोटाचा एक्सरे, दार उघडे असताना एक्सपोजर, मोडलेला अवयव जबरदस्तीने वळवणे. यातले एकही झाले की ती केस रद्द. पुन्हा शिकवायचे, पुन्हा बघायचे. तुमच्या ट्रॉलीवाल्या मुलाचे उत्तर हेच: पोस्टिंग नापास नाही, पण ती तपासणी त्याला अजून येत नाही.

तिसऱ्या_वर्षाचा_बळी
विद्यार्थी म्हणून एक बोलू का? आम्हाला चूक तिथल्या तिथे कुणी सांगत नाही. पोस्टिंग संपल्यावर मार्क कळतात, तोवर ते पेशंट घरी पोहोचलेले असतात. आणि मूल धरायला आम्हालाच उभे करतात. ते काम ॲप्रन घातलेल्या नातेवाईकाचे, हे एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमात आहे असे आम्ही व्हायवात (तोंडी परीक्षेत) सांगतो आणि बाहेर येऊन मूल धरतो.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. बळीराव, टोला लागला, मागच्या वर्षी मीही एकदोनदा विद्यार्थ्यांना उभे केले आहे. बंद.

टेम्सकाठच्या ताईंचे तीन शेरे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर छापून घेतले. मागे चेस्ट, हातपाय, कंबर आणि ट्रॉलीवरचा पेशंट एवढ्याच ओळी. पहिल्या आठवड्यात सहा मुलांच्या १८ केस बघायच्या होत्या, ११ झाल्या. सोमवार गेला तो गेलाच. 'अ' अजून घाई करतो, पण कार्डावर "सांगावे लागले" लागोपाठ तीनदा आल्यावर स्वतःच विचारायला आला की नेमके काय सांगावे लागले. मी म्हटले, कन्सोलसमोर काच आहे कशाला, छाती फुगलेली दिसेपर्यंत बटणावर बोट ठेवू नकोस. 'ब'ची दोन कार्डे "नुसता उभा होतो". व्हायवा तिला फिल्म हातात देऊन घेतला तर बऱ्यापैकी बोलली.

एक शंका उरली. ट्रॉलीवरची केस आठवड्याला एखाददुसरीच येते. ज्याच्या वाट्याला ती आलीच नाही, त्याच्या कार्डावर काय लिहायचे? कॉलेजला रकाना रिकामा चालत नाही म्हणे.

टेम्स_काठची_सीटीवाली
"पाहिले नाही" असे लिहा आणि त्याखाली सही करा. हवे तर टेबलावर दुसऱ्या मुलाला झोपवून, एक्सपोजर न देता पोझिशनिंग करून घ्या, पण मग "सरावात पाहिले" असेच लिहा.