विषय: १४ डिसेंबर २००२ला मुंबईला कोण येतंय? (बाबांसाठी ऑर्गनायझर)

मंडळी,
गिरगावातून लिहितोय, चाळीखालच्या सायबर कॅफेत बसून. मीटर चालू आहे, म्हणून थोडक्यात.
बाबांची कॅसिओची डिजिटल डायरी गेली. म्हणजे डायरी ठणठणीत आहे, आतलं सगळं गेलं. मागचं झाकण उघडून त्यांनी दोन्ही सेल एकदम काढले, चष्मा पुसला, मग नवे घातले. साडेतीनशे पॉलिसीवाल्यांचे हप्ते, फोन नंबर, सगळं साफ. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही.
१४ला अमेरिकेहून येणाऱ्याने एक पाम, म्हणजे पाम कंपनीचा खिशातला ऑर्गनायझर, आणला तर उपकार होतील. त्यांचा नवा झायर ९९ डॉलरला निघालाय म्हणे, म्हणजे पावणेपाच हजार. लॅमिंग्टन रोडला विचारलं तर एक म्हणाला अजून आला नाही, दुसरा म्हणाला साडेसात, तेही बिलाशिवाय. झायर घ्यावा की पामचाच एम१०५?
– मंदार

---

मंदार, झायर नको.
९९ला देतात कारण मेमरी २ एमबी आणि बॅकलाइट नाही. मेमरीचं सोड, साडेतीनशे नावं त्यात लोळतील. पण बाबा संध्याकाळी लोकांच्या जिन्यात उभे राहून तारीख बघणार, त्यांना दिसणार काय? शिवाय आतली बॅटरी चार्ज करावी लागते. एम१०५ला ८ एमबी, बॅकलाइट आणि रिमोटमधले असतात तसले दोन बारीक सेल, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळणारे. महिनाभर बघावं लागत नाही.
– सुहास

---

पाम कसले घेताय २००२ साली! आणायचाच तर पॉकेट पीसी आणा, खिशातला विंडोजवाला कॉम्प्युटर. डेलचा ॲक्झिम आत्ताच आलाय, रिबेट धरून १९९. रंगीत स्क्रीन, ३०० मेगाहर्ट्झ, गाणीसुद्धा वाजतात. माझ्याकडे आयपॅक आहे, तोही पॉकेट पीसीच, मी ५००ला घेतला होता. पामच्या १६ मेगाहर्ट्झमध्ये काय होतं?
– शामकाका

---

शामकाका, होतं ते एवढंच की सेल टिकतात. तुमचा आयपॅक कोजागिरीला मसाला दूध आटायच्या आत बंद पडला होता आणि कुणाकुणाचं दूध बिनसाखरेचं हे कागदावर लिहावं लागलं. रंगीत स्क्रीन आणि मोठा प्रोसेसर, जास्तीचे पैसे जातात ते त्यातच, आणि बॅटरी खातात तेही तेच. रिबेटचा चेक सहा-आठ आठवड्यांनी येतो, तोवर पैसे कुणाच्या खिशातले?
– सुहास

---

वर्गणीच्या वेळी सुहासचाच पाम आडवा झाला होता हे कुणी बोलत नाही. गणपतीची यादी परत मीच वहीवरून उतरवली. असो.
– खजिनदार

---

यादी गेली नव्हती, हॉटसिंक, म्हणजे पाम कॉम्प्युटरला जोडून दोन्हीकडची माहिती सारखी करणं, तेवढं राहिलं होतं. घरी कॉम्प्युटरवर होती, दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवली. तारखा बघा.
– सुहास

---

मूळ प्रश्नावर येऊ का?
१४ची मीच येतेय. दोन बॅगा माझ्याच भरल्यात. मागच्या वेळी कुणाचा तरी ११० व्होल्टचा मिक्सर मी वाहून नेला, तिथल्या २३०वर लावल्याबरोबर धूर निघाला, आणि बोलणी मी खाल्ली. छोटं असेल तर आणीन, खोक्याशिवाय. चार्जरवालं काही नको.
– नंदाताई

---

नंदाताई, देव तुमचं भलं करो. म्हणजे सेलवालाच.
पण सुहासने हॉटसिंक म्हटलं आणि पोटात गोळा आला. आमच्याकडे कॉम्प्युटर नाही. मजल्यावर एकाच मुलाकडे आहे, तोही विंडोज ९५, त्यावर यूएसबी धड चालत नाही. म्हणजे पामचे सेल संपले की पुन्हा कॅसिओसारखंच ना?
आणि ते लिहिणं बाबांना जमेल का? देवनागरी नाही हे कळलं, इंग्रजी त्यांना चालतं.
– मंदार

---

ग्राफिटी, म्हणजे पामवर काडीने लिहायची अक्षरं, आठवड्यात येते. ए म्हणजे उलटा व्ही, मधली आडवी रेघ द्यायची नाही. माझ्या सासूबाई शिकल्या, फक्त के ला शिव्या घालतात. नाहीच जमलं तर स्क्रीनवर छोटा कीबोर्ड उघडतो, काडीने टिचक्या मारायच्या.
– वर्षा

---

मी सहसा लिहीत नाही. एम१२५ बघा. मागच्या वर्षी २४९ला निघाला, आता उतरलाय. सेल तेच बारीक, ८ एमबी, बॅकलाइट, आणि वर एसडी कार्डाची खाच. पामचंच बॅकअप कार्ड मिळतं. घातलं, टिचकी मारली, सगळं कार्डावर. कॉम्प्युटर लागत नाही. एम१०५ला ही खाच नाही, किमतीतला फरक मुख्यतः तिचाच.
सेल बदलताना जुने काढून मिनिटभरात नवे घालायचे, तेवढा वेळ आतली माहिती तग धरते.
– दिलीप

---

दिलीपराव, नेमकं तेच हवं होतं! पण मिनिटभर म्हणजे चष्मा आधी पुसून घ्यावा लागेल.
एम१२५ आणि कार्ड, ठरलं. सेल आणू नका. बाबांना सांगितलं तर म्हणाले, येईपर्यंत काय करू? कालपासून दोनशे पानी वहीत जुन्या पावत्यांवरून नावं उतरवतायत, अ पासून. आत्ता कुलकर्ण्यांवर अडकलेत, एकोणीस आहेत.
– मंदार

---

कार्ड आपल्या दुकानांत सगळीकडे नसतं, मी आणून ठेवतो, नंदाताईंनी माझ्याकडून न्यावं. आणि आयपॅक विकायचाय, कुणाला हवा असेल तर कळवा.
– शामकाका

---

मंदार, मी बोरिवलीला उतरणार आहे. घरी येऊन घेऊन जा. आणि विरार लोकलने येऊ नकोस, उतरू देत नाहीत.
– नंदाताई