मदत हवी आहे: ‘इऑन फ्लक्स’ विद्यार्थ्यांना कोणत्या क्रमाने दाखवू?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात ॲनिमेशन शिकवते. दुसऱ्या वर्षाचे स्टोरीबोर्ड आणि टायमिंग हे विषय माझ्याकडे आहेत. पुढच्या महिन्यात सलग दोन तासांचं एक सत्र मिळालंय आणि त्यात पीटर चंग यांची ‘इऑन फ्लक्स’ ही ॲनिमेशन मालिका दाखवायचं ठरवलंय. मुलं सगळी अठराच्या वरची आहेत, हिंसा आणि लैंगिक सूचकता आहे याची आधी कल्पना देईनच. माझी अडचण क्रमाची आहे.

गेल्या वर्षी मी आधी त्यावरून निघालेल्या २००५ च्या चित्रपटातली (खऱ्या नटांच्या) वीस मिनिटं दाखवली, मग पीटर चंग यांचे मूळ लघुपट. पार फसलं. चित्रपटात सगळ्याचा उलगडा आहे: २०११ साली विषाणूने ९९ टक्के माणसं मेली, गोष्ट घडते २४१५ मध्ये, उरलेलं एकच शहर ब्रेग्ना, आणि तिथली माणसं म्हणजे पुन्हा पुन्हा जन्माला घातलेले क्लोन. हे कानावर पडल्यावर मुलं लघुपटांतही तेच शोधत बसली. ‘मॅडम, ही आत्ता मेली ना? मग पुढच्यात कशी आली? ही पण क्लोनच का?’ सगळा तास यातच गेला. शॉट कुणी बघितलेच नाहीत.

मला त्यांना नेमके शॉटच दाखवायचे आहेत. १९९१ मध्ये एमटीव्हीच्या ‘लिक्विड टेलिव्हिजन’ या ॲनिमेशनच्या कार्यक्रमात पहिली गोष्ट, म्हणजे पायलट, दोन-दोन मिनिटांच्या सहा तुकड्यांत आली. मिळून बारा मिनिटं, संवाद नाहीत. नायिका इऑन दिसेल त्या शिपायाला गोळ्या घालत सुटते. आपणही तिच्या बाजूने पळत असतो, आणि अचानक प्रेतांचा खच आणि रक्ताचं तळं समोर येतं, दृश्य त्यातल्याच एका मरणाऱ्या शिपायापाशी थांबतं. नायिकेच्या पराक्रमाकडे आपण किती सहज टाळ्या वाजवत बघतो, हे तिथे एका कटमध्ये कळतं. शेवटी ती भिंतीवर चढून नेम धरते, पायात खिळा घुसतो, तोल जातो आणि ती खाली पडून मरते. पार्श्वभूमीला ड्रू न्यूमन यांचं संगीत. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी रात्रभर जागी होते, आणि सकाळी उठून तो पडण्याचा भाग फ्रेम-फ्रेम करून कागदावर उतरवला होता. तेच मुलांना मिळावं एवढीच इच्छा आहे.

तर विचारायचं आहे ते असं. चित्रपट पूर्ण वगळू का? तसं केलं तर ज्यांनी तो आधीच बघितलाय त्यांचं काय? आणि १९९५ च्या अर्ध्या तासाच्या दहा भागांपैकी, जिथे पात्रं बोलू लागतात, कोणता एक भाग निवडू? डीव्हीडी संचात चंग यांनी काही ठिकाणी चित्र बदललंय, काही संवाद नव्याने ध्वनिमुद्रित केलेत. शिकवताना याने फरक पडतो का?

प्रतिसाद:

मॅडम, चित्रपट वगळू नका, शेवटी ठेवा. सुरुवात पायलटनेच करा आणि मध्ये एकदाही थांबवू नका, प्रश्न नंतर घ्या. लगेच १९९२ चा ‘वॉर’ हा लघुपट लावा. त्यात इऑन सुरुवातीलाच मारली जाते आणि कॅमेरा तिला मारणाऱ्याबरोबर पुढे जातो. मग तोही मरतो, पुढचा नायक होतो. ‘ही पुन्हा कशी आली’ हा प्रश्नच त्यानंतर मुलं विचारणार नाहीत. प्रत्येक लघुपट स्वतंत्र आहे, एकाचा हिशोब दुसऱ्यात लागत नाही, हे बघूनच कळतं. मग ‘टाइड’ हा लघुपट दाखवा. तिथे तेच कोन त्याच क्रमाने फिरून फिरून येतात आणि गोष्ट त्या चौकटींत पुढे सरकते. स्टोरीबोर्डच्या वर्गाला याहून चांगला नमुना मला तरी सुचत नाही.

बोलक्या भागांपैकी ‘अ लास्ट टाइम फॉर एव्हरीथिंग’ घ्या. त्यात ट्रेव्हर, म्हणजे ब्रेग्नाचा सत्ताधीश आणि इऑनचा शत्रू व प्रियकर, तिची प्रतिकृती बनवतो. क्लोन ही कल्पना मूळ मालिकेत कशी येते आणि चित्रपटाने तिचं काय केलं, हे शेजारी-शेजारी ठेवता येईल. वेळेचं म्हणाल तर पायलट बारा मिनिटं, दोन लघुपट प्रत्येकी पाचच्या आत, हा भाग बावीसेक मिनिटं. निम्म्याहून जास्त वेळ बोलायला उरतो.

प्रतिसाद:

वरच्यांशी सहमत. फक्त चित्रपटाला वाईट उदाहरण म्हणून उभं करू नका ही विनंती. दिग्दर्शिका कॅरिन कुसामा यांच्या हातून तो नंतर निसटला. स्टुडिओचं नेतृत्व बदललं, चित्रपटाची पुन्हा कापाकापी झाली. बर्लिनमध्ये चित्रीकरण चालू असताना इऑन साकारणाऱ्या चार्लीझ थेरॉनच्या मानेला दुखापत झाल्याने काम थांबलं होतं, तेही लक्षात घ्या. पीटर चंग यांनी या चित्रपटाबद्दल अपमान आणि दुःख उघडपणे बोलून दाखवलंय, त्यांचं दुःख मला समजतं. तरी पात्याच्या धारेचं गवत असलेली बाग आणि पायांच्या जागी हात असलेली इऑनची साथीदार सिथांड्रा ही दृश्यं पुन्हा बघा. मूळ मालिकेतला विचित्रपणा तिथे जिवंत आहे. बर्लिनच्या वास्तूही नीट बघा: बाउमशुलेनवेगचं स्मशानगृह, आडलर्सहोफचा जुना वारा-बोगदा, प्राण्यांचं आश्रयस्थान. भविष्यातलं शहर त्यांनी सेट लावून नव्हे, आहे त्या काँक्रीटमधून शोधलं.

चंग यांनी आधी ‘रगरॅट्स’ या लहान बाळांच्या कार्टून मालिकेवर काम केलं होतं, हेही मुलांना सांगा. बुटक्या, जाड डोक्यांच्या बाळांना फार हालचाल करता येत नाही, त्या अडचणीतून ही लांब हातापायांची, कुठेही वाकणारी इऑन आली. माझ्या मते चित्रपटाची खरी अडचण तिथेच आहे. चित्रकार एगॉन शीलेच्या रेषेतलं, हाडकुळं, वाकडंतिकडं शरीर जिवंत अभिनेत्रीकडे कुठून येणार? कथा बदलली नसती तरी ते शरीर पडद्यावर आलं नसतं.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. ‘वॉर’ दुसरा ठेवायचं मला सुचलंच नव्हतं. तो मी नेहमी शेवटी ठेवत आले.

शरीराचा मुद्दा वाचून थांबले. मी आजवर कथेवरच बोट ठेवत होते: मोनिका आणि ब्रेग्ना ही भिंतीने विभागलेली दोन शेजारी राज्यं, त्यातलं एक काढून टाकलं, इऑन आणि ट्रेव्हर यांना गेल्या जन्मीचं नवरा-बायको केलं, वगैरे. ते पटत नाहीच, पण विद्यार्थ्यांना हातात पेन्सिल घेऊन जे समजेल ते हे रेषेचं.

तर क्रम असा लावतेय: पायलट, ‘वॉर’, ‘टाइड’, मग थोडा विराम आणि तो बोलका भाग. चित्रपटातला फक्त गवताचा प्रसंग, तोही आवाज बंद करून. त्यानंतर प्रत्येकाने त्याच प्रसंगाचे सहा चौकटींचे स्टोरीबोर्ड काढायचे, पण चंग यांच्या मापाच्या शरीराने.

डीव्हीडीचा प्रश्न अजून उरलाय. नव्याने ध्वनिमुद्रित केलेले संवाद आणि १९९५ चे मूळ संवाद कुणी एकापाठोपाठ ऐकले असतील, तर ट्रेव्हरच्या बोलण्याची लय कुठे बदलते ते कृपया लिहा. वर्गाला तेवढे दोन मिनिटांचे तुकडे ऐकवीन.