रात्रीची शेव आणि जर-तरचं वाक्य : जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

बिराजदार काका (ए-२०२): हिरेमठ ताई, परवा गच्चीवर म्हणालात की रात्रीचं चटकमटक नुसत्या निर्धारानं सुटत नाही. मग कशानं सुटतं? इथं लिहा की, सगळ्यांना उपयोग होईल.

हिरेमठ ताई (समुपदेशक, बी-३०४): काका, ठरवायची वेळ चुकते, खरी अडचण तिथं आहे. शेवेचा डबा समोर उघडा असताना ठरवायला बसलं की डबाच जिंकतो. १९९८ मध्ये रीड आणि व्हॅन लीउवेन यांनी नेदरलँड्समधल्या नोकरदारांना आठवडाभर आधी विचारलं, पुढच्या आठवड्यात फळ हवं की चॉकलेटसारखं काही? दिवस उजाडल्यावर खाणं समोर ठेवून परत विचारलं, तर फळ म्हणणारे बरेच जण फिरले. मुख्य म्हणजे भुकेच्या वेळी विचारलेल्यांनी पुढच्या आठवड्यासाठीही अरबटचरबटच जास्त निवडलं. म्हणून किराण्याची यादी दुपारच्या जेवणानंतर लिहायची, संध्याकाळी सहाला नाही.

श्रीनिवास (सी-१०१): ताई, यादी केली तरी घरात पाहुण्यांसाठी फरसाण लागतंच. ते दिसलं की हात जातो.

हिरेमठ ताई: त्यासाठी जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांची जर-तरची पद्धत आहे. 'कमी खाईन' हे वाक्य निरुपयोगी, कारण ते कधी लागू होतं तेच मेंदूला कळत नाही. वाक्य असं हवं : 'जर जेवणानंतर मालिका बघताना कंटाळा आला, तर मी ताकाचा ग्लास भरून घेईन.' यात 'कंटाळा' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. नुसती वेळ किंवा जागा लिहून भागत नाही, हात का जातो ते 'जर'मध्ये आलं पाहिजे. ते सापडायला तीन-चार दिवस खाण्याच्या आधी मोबाईलवर चार शब्द टिपा : किती वाजले, कुठं, कोण सोबत, मनात काय. खाऊन झाल्यावर टिपलं तर फक्त अपराधीपणाच नोंदला जातो.

आणि 'तर मी शेव खाणार नाही' असं कधीच लिहू नका. नेदरलँड्समधल्या आद्रिआन्से यांच्या प्रयोगांत अशा नकारी वाक्यांनी जुनी सवय उलट पक्की झाली, कारण वाक्य म्हणताना दर वेळी शेवच आठवते. 'तर'पुढं करायची गोष्ट हवी, टाळायची नको. दुसरी चूक म्हणजे उत्साहात पाच वाक्यं करायची. ती एकमेकांना खातात. एकच घ्या, ते मुरलं की दुसरं.

कविता (आहारतज्ज्ञ, बी-४०१): श्रीनिवासदादा, फरसाण पाव किलोच आणा. आणल्याबरोबर ३०-३० ग्रॅमच्या पुड्या करा आणि झाकण घट्ट बसणाऱ्या, आतलं न दिसणाऱ्या स्टीलच्या डब्यात माळ्यावर ठेवा. स्टूल घ्यावं लागलं की मधे विचाराला जागा मिळते. लहान ताटात वाढलं की कमी खाल्लं जातं, यावर मात्र फार विसंबू नका. तसल्या दाव्यांसाठी गाजलेले कॉर्नेल विद्यापीठाचे माजी प्राध्यापक ब्रायन वान्सिंक यांचे बरेच शोधनिबंध मागे घेतले गेलेत.

शोभा काकू (ए-१०३): मग शेंगाचटणी पण माळ्यावर टाकायची काय ओ?

कविता: अजिबात नको काकू! भाकरीवर एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १५ ग्रॅम घ्या, ८०-९० कॅलरी होतात. बरणीतून येता-जाता चमच्यानं खाणं तेवढं थांबवा. पूर्ण बंदी घातली की एक घास चुकून गेल्यावर माणूस म्हणतो, 'मोडलंच आहे तर आता होऊ दे', आणि बरणी संपते. हर्मन आणि पोलिव्ही यांनी डाएट करणाऱ्यांमध्ये नेमकं हेच पाहिलं.

श्रीनिवास: आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत? तिथं माळा नाही.

हिरेमठ ताई: घरून भाकरी-भाजी खाऊन निघा आणि काय खायचं ते दारातच ठरवून टाका : एकच पदार्थ, बसून. तरी तलफ आलीच तर तिच्याशी भांडू नका. घसा, जीभ, पोट यांत ती कुठं जाणवते ते बघत राहा. ती चढते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते. ॲलन मार्लाट यांनी व्यसनमुक्तीसाठी ही पद्धत आणली. घरी असाल तर तीन मिनिटं टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे जुळवायचा गेम, खेळा. प्लायमाउथ विद्यापीठाच्या प्रयोगात तेवढ्यानं तलफ कमी झाली. तलफ म्हणजे मनात रंगवलेलं चित्रच असतं, आणि ठोकळे जुळवताना डोळ्यापुढची ती जागाच अडते. गाणी ऐकून एवढा फरक पडेलच असं नाही.

कविता: शुगरवाल्यांनी हे नीट वाचा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असताना घाम, थरथर, छातीत धडधड आणि एकदम भूक लागली, तर ती तलफ समजून अंगावर काढू नका. लगेच साखर तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा तपासायची सोय नसेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा.

हिरेमठ ताई: आणि कुणी लपून, पोट दुखेपर्यंत, थांबताच येत नाही असं खात असेल, आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने, तर तिथं जर-तर पुरत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. घरच्यांनी टोमणे मारू नयेत, त्यानं लपवणं वाढतं.

बिराजदार काका: हे वाक्य चालेल का : 'जर दुकानातून घरी आलो, तर भजी न मागता चणे खाईन'?

हिरेमठ ताई: 'भजी न मागता' काढा. 'घरी आलो' पण अपुरं आहे. घरी येताना भूक असते की दमणूक? भूक असेल तर चणे बरोबर, मूठभर, सकाळीच भिजवून ठेवलेले. दमणूक असेल तर आधी हातपाय धुऊन दहा मिनिटं पडा, चणे नंतर. तीन दिवस टिपून बघा आणि मग वाक्य पक्कं करा.