प्रतिसाद: वडिलांच्या डोक्यात साचलेलं रक्त, भोक पाडायचं की तारेने?
ताई, तुम्ही विचारलंत की वडिलांना कवटीला भोक पाडून रक्त काढायचं की मांडीतून तार घालून ते एम्बोलायझेशन (म्हणजे रक्तवाहिनी आतून बंद करणं) करायचं, तर आमच्या घरचं सांगते. आम्ही पंचवटीत राहतो, आमचे अण्णा बाथरूममध्ये घसरले, टेंगूळसुद्धा आलं नाही, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही आणि महिन्याभराने डाव्या पायातली चप्पल मागे राहायची नि ते तसेच पुढे चालायचे. एका दवाखान्यात वयोमानाने होतं म्हणून परत पाठवलं, डोक्याचा सीटी स्कॅन केला तेव्हा आत रक्त साचल्याचं कळलं.

वयानुसार मेंदू आकसतो, शिरा ताणल्या जातात आणि थोड्या धक्क्याने फाटतात. साचलेल्या रक्ताभोवती पडदा तयार होतो, त्यात नाजूक नव्या रक्तवाहिन्या येतात आणि त्याच परत परत झिरपतात, म्हणून रक्त काढलं तरी काहींना पुन्हा साचतं. एम्बोलायझेशनमध्ये त्यांना रक्त पुरवणारी धमनीच आतून बंद करतात. 2024 च्या एम्बोलाइज नावाच्या ट्रायलमध्ये, म्हणजे रुग्णांवरच्या अभ्यासात, नुसत्या ऑपरेशनवाल्यांपैकी 11.3 टक्के लोकांना 90 दिवसांत परत ऑपरेशन लागलं, दोन्ही केलेल्यांत 4.1 टक्के.

पण ताई, नुसत्या एम्बोलायझेशनने मेंदूवरचा दाब लगेच उतरत नाही, रक्त जिरायला आठवडे, कधी महिने जातात. वडील गुंगीत असतील, हातपाय लुळे पडत असतील तर आधी रक्त काढावंच लागतं, त्यात दिवस घालवू नका. एम्बोलायझेशनमध्ये धोका कमी असला तरी आहे, क्वचित नजरेला इजा होते, ते स्पष्ट विचारा. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या मनाने बंद करू नका हो, न्यूरो आणि हार्टच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.