अडकलेली अक्कलदाढ : दुखणे थांबल्यावरही ती काढावी का?

प्रश्न : टॉवेलवाला, अक्कलकोट रोड

सर्वांना नमस्कार. माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा असून आमच्याच टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहतो. गेल्या पावसाळ्यात त्याच्या खालच्या जबड्यात डावीकडे, अगदी मागच्या बाजूला सूज येऊन गेली होती. यंदा गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तेच दुखणे पुन्हा उद्भवले आणि या वेळी गाल सुजला, आवंढा गिळताना कानापर्यंत कळ जाऊ लागली व तोंड जेमतेम दोन बोटे उघडेनासे झाले. दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्यांनी सारे शांत झाले. नंतर एका दंतवैद्यांनी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्रित एक्स-रे, काढायला सांगितला. त्यात ती अक्कलदाढ पुढच्या दाढेवर कललेली आणि निम्मी हिरडीखाली असल्याचे दिसले. चारही अक्कलदाढा काढून टाकाव्यात, असा त्यांचा सल्ला आहे. आईचे म्हणणे असे की, आता काही दुखत नाही, तर चिरफाड कशाला? शिवाय दाढ काढली की नजर कमी होते, हे तिच्या मनात पक्के बसले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : दंतवैद्य, होटगी रोड

दुखणे थांबले याचा अर्थ सूज उतरली, एवढाच घ्यावा. सूज ज्यामुळे आली ते कारण गोळ्यांनी जात नाही.

अक्कलदाढ साधारणपणे १७ ते २५ या वयात येते आणि तोवर जबड्यातील जागा बहुधा भरलेली असते. त्यामुळे ती कधी तिरपी, कधी आडवी, तर कधी सरळ असूनही अर्धवटच वर येते. अर्धवट आलेल्या दाढेवर हिरडीची एक झालर राहते आणि तिच्याखाली भाकरीचा कण किंवा शेंगाचटणीचा कूट जाऊन बसला की तो चुळीने निघत नाही व तिथे ब्रशही पोहोचत नाही. हवा न लागणाऱ्या त्या फटीत जिवाणू वाढतात, झालर सुजते, वरची दाढ त्या सुजेवर चावू लागते आणि दुखणे आणखी चिघळते. सुजेची झळ चावण्याच्या स्नायूंपर्यंत गेली की तोंड उघडत नाही. हिरडी दाबल्यावर खारट-कडवट पू येणे, तोंडाला दुर्गंधी येणे आणि जबड्याखाली दुखरी गाठ लागणे ही याचीच लक्षणे होत. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण आपल्याकडे तिची गल्लत फार होते. मावा किंवा गुटखा खाणाऱ्याचे तोंड हळूहळू, विशेष न दुखता उघडायचे कमी झाले असेल आणि तिखट लागताच आग होत असेल, तर तो दाढेचा नव्हे, निराळा आणि अधिक गंभीर आजार आहे. त्याची तपासणी स्वतंत्रपणे करून घ्यावी.

आता आपल्या भावाविषयी. पुढे कललेली दाढ शेजारच्या दाढेच्या मानेला टेकते आणि त्या सांध्यात अन्न अडकून शेजारचीच दाढ किडते. ही कीड आरशात दिसत नाही व बराच काळ दुखतही नाही. पुष्कळदा ती एक्स-रेमध्येच प्रथम सापडते, आणि तोवर उशीर झाला असेल तर बिनकामाच्या दाढेपायी चावण्याची चांगली दाढ गमवावी लागते. मला खरी काळजी वाटते ती याची, सुजेची त्या मानाने कमी. दुसऱ्यांदा सूज येणे हे दाढ काढण्यास पुरेसे कारण मानले जाते आणि भावाच्या बाबतीत ते घडून गेले आहे. वयही अनुकूल आहे, कारण पुढे हाड घट्ट होत जाते आणि जखम भरण्यास अधिक वेळ लागतो. नुसती झालर कापण्याचा उपाय काही जण सुचवतील. दाढ सरळ असून तिला वर यायला जागा असेल तर तो चालतो, पण कललेल्या दाढेवर झालर पुन्हा वाढते.

मात्र शस्त्रक्रियेपूर्वी एका गोष्टीची खात्री करून घ्या. खालच्या जबड्यातून ओठाला व हनुवटीला संवेदना देणारी नस एका कालव्यातून जाते. ओपीजीमध्ये दाढेची मुळे त्या कालव्यावर आलेली दिसत असतील, मुळावर काळसर पट्टा असेल किंवा कालव्याची पांढरी कड तुटली असेल, तर सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन करावा. या नसेला धक्का लागल्यास ओठ बधिर राहू शकतो. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत वा महिन्यांत परत येते, थोड्यांची येत नाही. ओठाची हालचाल मात्र वेगळ्या नसेकडे असल्याने तोंड वाकडे होत नाही. धोका फारच वाटला तर दाढेचा वरचा भाग कापून मुळे जागीच ठेवण्याचीही पद्धत आहे. डोळ्यांच्या नसेचा मात्र दाढेशी काही संबंध नाही, हे आईंना निःशंकपणे सांगा.

उत्तर : शिक्षिका, जुळे सोलापूर

माझी अशीच आडवी दाढ काढलेली असल्यामुळे नंतरच्या दिवसांविषयी लिहिते. इंजेक्शनने भाग बधिर केल्यावर दुखत नाही, परंतु हाड कोरण्याचा आवाज आणि दाढेचे तुकडे करतानाचा दाब जाणवतो. त्याची आधी कल्पना असलेली बरी. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते, म्हणून काही बिघडले असे समजू नये. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ लावावा, चूळ भरू नये, थुंकू नये. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या चुळा, आणि जेवायला दहीभात किंवा गार केलेली मऊ खिचडी. कडक भाकरीला टाके निघेपर्यंत तरी रजाच द्यावी. भेटायला येणारे शहाळे आणतात आणि त्यात नळीही खोचून देतात! नळीने ओढून प्यायल्यास जखमेतली रक्ताची गुठळी निसटू शकते, म्हणून पाणी पेल्यात ओतून घ्यावे.

माझ्या बाबतीत गुठळी टिकली नाही. कमी होत आलेले दुखणे तिसऱ्या दिवशी एकाएकी उसळले, कान ठणकू लागला आणि तोंडाला घाण वास येऊ लागला. डॉक्टरांनी खळगा धुऊन लवंगतेलाच्या वासाची औषधी पट्टी आत ठेवली आणि त्याच संध्याकाळी आराम पडला. असे झाल्यास गोळ्यांवर दिवस काढू नयेत, सरळ दवाखान्यात जावे.

उत्तर : औषधविक्रेता, सात रस्ता

मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून त्याच प्रतिजैविकाच्या गोळ्या मागणारे गिऱ्हाईक आमच्याकडे नेहमी येते. ताप नसेल, सूज पसरत नसेल, तर झालरीखालची जागा धुऊन घेणे हाच मुख्य उपचार असतो. मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक चालू असताना मद्य पूर्ण वर्ज्य आहे. मधुमेह किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे आणि ते औषध मनानेच बंद करू नये. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून धरण्याचा घरगुती उपाय तर मुळीच करू नये. कातडी भाजून पांढरी पडते.

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आईची समजूत बरीचशी पटली आहे. आता प्रश्न उरतो तो बाकीच्या तीन दाढांचा. उजवीकडची खालची दाढ पूर्णपणे हाडात आहे आणि तिचा काहीही त्रास नाही. तीही काढावीच लागेल का?

दंतवैद्य, होटगी रोड

एक्स-रेमध्ये कीड, गळू किंवा शेजारच्या मुळाची झीज दिसत नसेल, तर माझ्या मते नाही. केवळ पुढे त्रास होईल या शंकेपोटी निरोगी अडकलेली दाढ काढू नये, अशी मार्गदर्शक सूचना ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २००० सालीच दिली आहे. सर्वच देशांत या बाबतीत एकमत नाही, त्यामुळे चारही काढा म्हणणारे दंतवैद्य चुकीचेच आहेत असे मी म्हणणार नाही. समोरचे दात वाकडे होऊ नयेत म्हणून काढा, असे कोणी सांगितले तर मात्र त्याला भक्कम पुरावा नाही. ती दाढ राहू द्या आणि एक-दोन वर्षांनी एक्स-रे काढून पाहत जा. डावीकडची वरची दाढ खालच्या जोडीदाराअभावी खाली उतरून हिरडीला किंवा गालाला लागू शकते, तेव्हा तिचा निर्णय त्याच बैठकीत तपासून घ्यावा.

काम मुखशल्यचिकित्सकाकडून करून घ्या. खर्चाची अडचण असल्यास केगावच्या दंत महाविद्यालयाच्या मुखशल्यचिकित्सा विभागात ओपीजी घेऊन जा. दरम्यान सूज गळ्याकडे उतरली, जीभ वर उचलल्यासारखी झाली, लाळ गिळवेना किंवा श्वास जड झाला, तर तारखेची वाट न पाहता रात्र असली तरी शासकीय रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा.