गाडीच्या स्क्रीनवर आमच्या अ‍ॅपचा कॉल दिसत नाही

परतवाडा_कोडर: धारणी-परतवाडा रस्त्यावरच्या मालट्रकसाठी वेबआरटीसीवर (इंटरनेटवरून थेट बोलायचं तंत्र) बोलायचं अ‍ॅप करतोय. कॉल आला की फोन वाजतो, पण अँड्रॉइड ऑटोच्या (फोनमधली अ‍ॅप गाडीच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) स्क्रीनवर काही येत नाही. स्टीअरिंगच्या बटणानं उचलताही येत नाही. सिमवर फोन आला तर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात. सेमाडोहकडे रेंज तुटून परत आली की कॉल चालू दिसतो, आवाज मात्र गायब. घाटात ड्रायव्हरनं फोनला हात लावू नये, एवढंच पाहिजे.

कॉलवाला: भाऊ, पहिल्या तिन्ही गोष्टींचं मूळ एकच. तुमचा कॉल अँड्रॉइडच्या टेलिकॉमला, म्हणजे फोनमधले सगळे कॉल सांभाळणाऱ्या भागाला, माहीतच नाही, अन् गाडी विचारते ती टेलिकॉमलाच. जेटपॅकची (गूगलच्या अँड्रॉइड लायब्ररींचा संच) कोअर-टेलिकॉम लायब्ररी घ्या, अँड्रॉइड ८ पासून चालते. मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपची माहिती अन् परवानग्यांची फाइल) मॅनेज-ओन-कॉल्स परवानगी टाका, कॉल्समॅनेजरवर अ‍ॅप रजिस्टर करा, कॉल आला की अ‍ॅडकॉलनं तो टेलिकॉमला कळवा. त्यानंतर ५ सेकंदांत कॉलस्टाईल (उचला-कापा बटणांचं) नोटिफिकेशन लावा, नाहीतर फोरग्राउंडची, म्हणजे स्क्रीनवर नसतानाही अ‍ॅप चालू राहायची, सवलत जाते.

गाडीत कॉल उचलायचं बटण दाबलं की अ‍ॅपला ऑनआन्सर हा कॉलबॅक (सिस्टिमचा निरोप) येतो, तोही ५ सेकंदांत संपवावा लागतो. बहुतेक अ‍ॅप इथंच मार खातात. त्याच्या आत सर्व्हरशी जोडणी पूर्ण व्हायची वाट पाहत बसले की कमी रेंजमध्ये वेळ उलटते अन् कॉल उचललाच जात नाही. आत फक्त माइक-स्पीकर तयार ठेवा, जोडणी बाजूला चालू द्या.

सिमच्या कॉलसाठी सेट-इनॅक्टिव्हची, म्हणजे कॉल होल्डवर ठेवायची, क्षमता जाहीर करा. ती नसली तर तुमचा कॉल होल्डवर न जाता कापला जातो. ऑनसेटइनॅक्टिव्ह आला की माइक खरंच बंद करा. अन् ब्लूटूथ एससीओ (ब्लूटूथवरून कॉलचा आवाज नेणारी जोडणी) सुरू करायचा स्वतःचा कोड काढून टाका, तो टेलिकॉमशी भांडतो.

रेंज_शोधक: आवाज गायब होतो कारण नेटवर्क बदललं की फोनचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बदलतो. कनेक्शन ‘फेल्ड’ व्हायची वाट पाहू नका. नेटवर्क कॉलबॅकमध्ये ऑनअव्हेलेबल आला की लगेच आइस रीस्टार्ट करा (दोन्ही टोकांमधला आवाजाचा मार्ग नव्यानं शोधणं), तेवढ्यात सिग्नलिंगचा (कॉल जुळवायच्या निरोपांचा) सॉकेटही नव्यानं जोडा.

कमी रेंजमध्ये डेटाही वाचवा. ओपस (आवाज दाबून लहान करणारा कोडेक) १६ केबीपीएसवर ठेवला तरी २० मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये सेकंदाला ५० पॅकेट जातात. प्रत्येकाला आयपी, यूडीपी अन् आरटीपीचे मिळून ४० बाइट हेडर, म्हणजे आणखी १६ केबीपीएस. आवाजाइतकंच ओझं! फ्रेम ६० मिलिसेकंदांची केली की हेच ओझं साडेपाच केबीपीएसच्या आत येतं. आवाज थोडा उशिरा पोचतो अन् एक पॅकेट हरवलं तर जास्त बोलणं जातं, म्हणून इनबँड एफईसी (हरवलेला आवाज पुढच्या पॅकेटमधून भरून काढायची सोय) चालू ठेवा. या रस्त्यासाठी मी ६० च घेईन.

परतवाडा_कोडर: डेटा नाही, पण साध्या कॉलपुरती रेंज आहे, अशा जागी?

कॉलवाला: कार अ‍ॅप लायब्ररीत कॉलिंग कॅटेगरीची सर्व्हिस करा अन् तिथल्या बटणावर स्टार्टकारअ‍ॅपला टेल-नंबरचा डायल इंटेंट (हा नंबर लावा, अशी सिस्टिमला विनंती) द्या. सिमचा कॉल गाडीच्या स्क्रीनवरूनच लागतो.

तपासायला गाडी लागत नाही. अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंगमध्ये व्हर्जनवर १० वेळा टॅप करा, डेव्हलपर मोडमधून हेड युनिट सर्व्हर सुरू करा, एडीबीनं (लॅपटॉपवरून फोन हाताळायचं टूल) ५२७७ पोर्ट फॉरवर्ड करा अन् लॅपटॉपवर डेस्कटॉप हेड युनिट (गाडीच्या स्क्रीनची नक्कल) चालवा. त्याच डेव्हलपर सेटिंगमध्ये अननोन सोर्सेस चालू करा, नाहीतर तुमचं अ‍ॅप यादीतच दिसणार नाही.