गुळवेलीचा अर्क आणि थाळीतलं वर्तुळ: संशोधन की सोपस्कार?

प्रयोगवही:
एम.एस्सी.च्या प्रबंधांचा साचा ठरलेला. तुळस, कडुनिंब नाहीतर गुळवेल आणायची, सावलीत वाळवायची, मिथेनॉलमध्ये अर्क काढायचा आणि जिवाणू पसरलेल्या अगारच्या (जेलीसारख्या माध्यमाच्या) थाळीत भोक पाडून ओतायचा. दुसऱ्या दिवशी भोकाभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ मोजायचं. झाले जंतुनाशक गुणधर्म सिद्ध! माझं मत: फक्त वर्तुळावर थांबणारे प्रबंध स्वीकारूच नयेत. अर्कातला रेणू अगारमध्ये किती पसरतो, त्यावरही व्यास ठरतो. निदान एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी किमान मात्रा, काढा. कच्चा अर्क मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत चालला तर बोलू. मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम ओतून जिवाणू मेले, यात नवल ते काय? रक्तात एवढं कधी पोचणार आहे?

रानवाटा:
वर्तुळाबद्दल मान्य, पण कच्च्या अर्काला एवढं हिणवू नका. दारुहळदीतलं बर्बेरिन एकटं स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर फिकं पडतं, कारण हा जिवाणू ते आपल्या पेशीतल्या पंपानं बाहेर फेकतो. दारुहळदीच्या एका अमेरिकन भावंडात हा पंप बंद पाडणारा दुसरा रेणू असल्याचं २००० साली प्रसिद्ध झालं. गंमत म्हणजे तो स्वतः जिवाणू मारत नाही. एकेक रेणू सुटा तपासणाऱ्यानं तो केव्हाच फेकून दिला असता.

प्रयोगवही:
हे कळलं ते पंपापर्यंत खोदलं म्हणून. व्यास मोजून घरी गेले असते तर?

काढाप्रेमी:
आमच्या घरी पिढ्यान्पिढ्या गुळवेलीचा काढा आहे. कुणाला काही झालं नाही. तुम्हाला आपलं ते सगळं खोटंच वाटतं.

वॉर्डातून:
काढाप्रेमी, २०२० च्या कोरोनाकाळात लोक रोज गुळवेल पीत होते. मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये छापली. त्यात स्वप्रतिकार आजारासारखी लक्षणं होती. प्रतिकारशक्ती चाळवणारी गोष्ट सगळ्यांनाच मानवेल असं नाही. ज्यांची ती आधीच स्वतःच्या पेशींवर उलटलेली असते, त्यांना तर नकोच.

रानवाटा:
त्यावर आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता की आधी वनस्पतीची ओळख पटवायला हवी होती. टिनोस्पोरा क्रिस्पा ही जवळची वेल गुळवेल म्हणून खपून जाते. आक्षेप रास्तच आहे, पण मग तोच नियम प्रबंधांनाही लावा. बाजारातून 'गुळवेल' आणली आणि हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) नमुना जमाच केला नाही, तर तपासलं काय? आणि सगळंच थाळीवर अडलेलं नाही हो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकरांच्या गटानं पित्तमार्ग अडल्यामुळे कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी गुळवेल देऊन पाहिली होती. माणसांवर! तो धागा पुढे कितीजणांनी धरला?

प्रयोगवही:
फारच थोड्यांनी, कारण वर्तुळ स्वस्त पडतं. प्रतिकारशक्तीच्या चाचण्यांत तर आणखी मोठी गोची आहे. वाळवलेल्या पाल्यावर जिवाणू असतातच. त्यांच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन हे विष अर्कात उतरतं आणि ते नेहमीच्या ऑटोक्लेव्हनं, म्हणजे दाबाच्या वाफेनं, जात नाही. मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी त्यानंच भडकतात, टीएनएफ हे दाहाचं प्रथिन वाढतं, आणि श्रेय गुळवेलीला! एंडोटॉक्सिनला निकामी करणारं पॉलिमिक्सिन-बी घालून हीच चाचणी पुन्हा करा. परिणाम गायब झाला तर तो पाल्यावरच्या घाणीचा होता. मी वाचलेल्या बहुतेक प्रबंधांत ही पायरीच नाही.

काढाप्रेमी:
म्हणजे काढ्यातही घाणच काम करते म्हणायचं?

प्रयोगवही:
काढ्याबद्दल मी बोललोच नाही. प्रबंधाबद्दल बोलतोय.

वॉर्डातून:
काढाप्रेमी, यकृताचा जुना आजार किंवा थायरॉइडचा स्वप्रतिकार आजार असेल, तर रोजचा काढा डॉक्टरांच्या कानावर घाला. रुग्ण हे आपणहून सांगत नाहीत.

रानवाटा:
प्रयोगवही, तालुक्याच्या कॉलेजला पेशी वाढवायची सोयच नसते, पॉलिमिक्सिन दूरची गोष्ट. तिथल्या पोरांनी काय करायचं?

प्रयोगवही:
एमआयसी काढायची, ती त्यांना जमते. नमुना हर्बेरियमला द्यायचा. आणि शीर्षकातून 'रोगप्रतिकारशक्तिवर्धक' खोडायचं, त्याला तर काहीच खर्च नाही.